गाठीतलं पाणी काढू नका, अख्खी गाठ काढा

पत्र : "माझी मुलगी २३ वर्षांची आहे, ठाण्याला नोकरी करते. दोन-तीन महिने जेवल्यावर तिला डाव्या बरगडीखाली जड वाटायचं. ॲसिडिटी समजून आम्ही रोज पँटोप्राझोल देत राहिलो. शेवटी सोनोग्राफीत गाठ दिसली, मग सीटी स्कॅन झाला. रिपोर्टमध्ये स्वादुपिंडाच्या शेपटीत ६.४ बाय ५.८ सेंटिमीटरची गाठ लिहिली आहे, थोडी घट्ट, थोडी पाण्याची, प्लीहेला (पांथरीला) टेकलेली. 'सॉलिड सूडोपॅपिलरी' असू शकेल असंही लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीतून पाणी काढून टाकू, ऑपरेशनची गरज नाही. दुसरे म्हणतात, आधी सुईने तुकडा तपासा. तिसरे म्हणतात, सरळ ऑपरेशन करा, पांथरीही काढावी लागेल. धाकट्या दिरांनी इरफान खान यांचं नाव काढलं आणि घरात रडारड सुरू झाली. माघात तिचं लग्न ठरलंय, म्हणजे हातात पाच महिने आहेत. मुलाकडच्यांना अजून काही सांगितलेलं नाही. ऑपरेशन करायलाच हवं का? कुठे करायचं? पांथरीशिवाय ती कशी राहील? मुलंबाळं होतील ना? – एक आई, भांडुप"

ताई, नमस्कार.

आधी एकच गोष्ट, बाकी सगळं मागाहून. दुर्बिणीतून पाणी काढायला होकार देऊ नका. त्यासाठी तारीख घेतली असेल तर आजच फोन करून रद्द करा.

कारण असं. स्वादुपिंडाजवळ पाणी साठतं ते बहुतेक वेळा स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर. दारू, पित्ताशयातले खडे किंवा पोटावर बसलेला जोराचा मार, असं काहीतरी घडतं, रुग्ण पोट धरून कळवळत दवाखान्यात भरती होतो, आणि चारेक आठवड्यांनी तिथे पाचक रसाचं तळं तयार होतं. त्याला सूडोसिस्ट म्हणतात. त्यातलं पाणी तपासलं तर ॲमायलेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम बहुधा हजारांत निघतं. असं तळं दुर्बिणीतून जठरात मोकळं करून दिलं की माणूस बरा होतो. त्या आजाराला तो उपाय अगदी योग्य आहे. तुमच्या लेकीला मात्र असा झटका आल्याचं पत्रात कुठेच नाही. तिच्या गाठीतलं 'पाणी' म्हणजे जुनं रक्त आणि विरघळलेल्या पेशी. या जातीची गाठ वाढता वाढता आतून भुसभुशीत होते, बारीक रक्तवाहिन्यांपासून लांबच्या पेशी गळून पडतात, आत रक्तस्राव होतो. म्हणून सीटीवर ती अर्धी घट्ट, अर्धी पातळ दिसते आणि सोनोग्राफीत कधीकधी नुसती पाण्याची पिशवी वाटते. अशा गाठीला जठरातून भोक पाडून स्टेंट (छोटी नळी) बसवला तर गाठ जात नाही. तिचं कवच फुटतं, पेशी पोटात सांडू शकतात आणि जठर गाठीला चिकटून बसतं. आज जी शस्त्रक्रिया स्वच्छ होण्यासारखी आहे, तीच मग जठराचा तुकडा घेऊन करायची वेळ येते.

त्या डॉक्टरांना शांतपणे दोन प्रश्न विचारा. तिला आधी कधी स्वादुपिंडाची सूज आल्याचा कुठला पुरावा आहे? आणि कवचाच्या आत घट्ट भाग दिसतोय, तो सूडोसिस्टमध्ये कसा? समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर तिथून निघा.

आता दिरांच्या बोलण्याविषयी. स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो तो नळ्यांच्या अस्तरातून उगवणारा, वेगाने पसरणारा. तो वेगळा. इरफान खान यांनी २०१८मध्ये जाहीर केला तो न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींतून उगवणारा, तोही वेगळा. तुमच्या लेकीच्या रिपोर्टमध्ये ज्याची शंका आहे त्या गाठीचं वर्णन व्हर्जिनिया फ्रांट्झ यांनी १९५९मध्ये केलं. स्वादुपिंडाच्या शंभर गाठींत ती जेमतेम एक-दोनदा सापडते, आणि बहुतेक वेळा विशी-तिशीतल्या मुलींमध्येच. तिला आज कमी तीव्रतेचा कॅन्सर म्हणूनच धरतात, त्यामुळे कागदावर 'कॅन्सर' हा शब्द येईल. तो वाचून खचू नका. ती सावकाश वाढते, बहुधा कवचात राहते. पूर्ण निघाली तर पाच वर्षांनंतर शंभरातल्या ९५पेक्षा जास्त मुली ठणठणीत असतात, आणि पूर्ण निघाल्यावर केमोथेरपी लागत नाही. दहा-पंधरा टक्के गाठी मात्र आक्रमक वागतात, शिरेत शिरतात किंवा यकृतात जातात. कुठली तशी वागेल हे आधी ओळखण्याचा खात्रीचा मार्ग नाही. म्हणून 'बघू, थांबू' हा पर्याय २३ वर्षांच्या मुलीसाठी नाही. ऑपरेशन करायलाच हवं. पण उद्याच हवं असंही नाही. चांगल्या जागी, नीट तयारीने करण्यात तीन-चार आठवडे गेले तर काही बिघडत नाही. वर्षभर काढे घेत बसलात तर बिघडेल.

दुसरे आणि तिसरे डॉक्टर एकमेकांच्या विरुद्ध बोलताहेत असं तुम्हाला वाटतंय, प्रत्यक्षात दोघांचंही बरोबर आहे. वय, गाठीचं रूप आणि जागा इतकी ठरावीक असेल तर बरेच सर्जन सुई न घालता थेट ऑपरेशन करतात, कारण निकाल काहीही आला तरी एवढी गाठ काढायचीच असते. शंका असेल, विशेषतः न्यूरोएंडोक्राइन गाठीची, तर सुई घालावी. फक्त ती एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमधून (तोंडातून घातलेल्या दुर्बिणीच्या टोकाची सोनोग्राफी), जठराच्या भिंतीतून घालावी, पोटाच्या कातडीतून नाही. जठरातून जाणारा मार्ग छोटा असतो आणि सुई नेमकी घट्ट भागात नेता येते. त्या तुकड्यावर बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचा रंग पेशीच्या केंद्रकात उमटला तर निदान जवळजवळ पक्कं.

न्यूरोएंडोक्राइनची शंका दूर करण्यासाठी कोणी क्रोमोग्रॅनिन ए ही रक्ततपासणी सांगितली तर थांबा. पँटोप्राझोल चालू असताना हा आकडा खोटाच वाढलेला येतो, आणि त्यावरून घरोघरी भलतीच घबराट झालेली आहे. डॉक्टरांना विचारून गोळी बंद करा आणि किमान दोन आठवड्यांनी तपासणी करा. गॅलियम डोटाटेट पेट स्कॅनमध्ये न्यूरोएंडोक्राइन गाठ बहुधा उजळते, ही सहसा नाही. साधा पेट स्कॅन मात्र स्वतःहून करून घेऊ नका. ही गाठ त्यात कधीकधी लखलखते, आणि तेवढ्यावरून ती पसरली आहे असं मुळीच ठरत नाही.

हा फरक काढण्याला महत्त्व आहे, कारण गाठ बदलली की शस्त्रक्रिया बदलते. इन्सुलिन सोडणारी एक-दोन सेंटिमीटरची गाठ असेल (सकाळी उपाशीपोटी भोवळ, त्या वेळी साखर ५५च्या खाली, ग्लुकोज घेताच माणूस सावध) आणि ती मुख्य नळीपासून दोन-तीन मिलिमीटर तरी लांब असेल, तर शेंगेतून दाणा काढावा तशी नुसती गाठ काढून घेता येते. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात असती तर व्हिपल शस्त्रक्रिया लागली असती : डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा एवढं सगळं काढायचं आणि तीन ठिकाणी नवे जोड द्यायचे. तुमच्या लेकीची गाठ शेपटीत आहे. त्यातल्या त्यात ही बरी बाजू.

शेपटीच्या शस्त्रक्रियेला डिस्टल पॅनक्रियाटेक्टमी म्हणतात. पूर्ण भूल, तीन ते पाच तास. अनुभवी हातात सहा सेंटिमीटरची गाठही बऱ्याचदा दुर्बिणीतून निघते (ही पोटाच्या छिद्रातून घालायची दुर्बीण, तोंडातून घालायची नव्हे). पोटावर चार-पाच छोटी छिद्रं, आणि गाठ बाहेर काढायला ओटीपोटात सिझेरियनसारखा एक आडवा छेद. जठराखालचा पडदा उघडला की मागे स्वादुपिंड दिसतं. गाठीपासून निरोगी बाजूला सरकून ते स्टेपलरने कापतात. शेपूट आणि गाठ अखंड, पिशवीत घालून बाहेर आली पाहिजे. आत तुकडे करून काढणं इथे चालत नाही. भेटीत हा शब्दशः प्रश्न विचारा : "गाठ फुटायची भीती वाटली तर तुम्ही पोट उघडाल ना?" उत्तर 'हो, लगेच' असंच यायला हवं. छोट्या टाक्यांचा हट्ट धरू नका. लग्नाच्या साडीत दोन्ही प्रकारचे छेद झाकले जातात.

पांथरीचं काय? प्लीहेची धमनी स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने आणि शीर त्याच्या पाठीला चिकटून शेपटीपर्यंत जाते. प्लीहा वाचवण्याचे दोन मार्ग आहेत. एकात त्या वाहिन्या एकेक बारीक फांदी बांधत सोडवून घेतात. दुसऱ्यात त्या कापतात आणि जठराच्या बाजूने येणाऱ्या छोट्या वाहिन्यांवर प्लीहा जगवतात. गाठ मधल्या भागात असती तर प्लीहा वाचवाच असं मी ठामपणे लिहिलं असतं. पण ६.४ सेंटिमीटरची गाठ प्लीहेच्या तोंडाशीच टेकली आहे. तिथे प्लीहेसाठी ओढाताण करताना कवच फाटलं तर वाचवलेल्या प्लीहेपेक्षा ते फार महागात पडेल. तेव्हा हा निर्णय टेबलावर सर्जनना घेऊ द्या, आणि प्लीहा जाणार असं धरूनच तयारी करा.

ती तयारी म्हणजे लशी. प्लीहा काही ठरावीक जिवाणूंना रक्तातून गाळून काढते. ती नसेल तर साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणून न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल एसीडब्ल्यूवाय आणि हिब (हिमोफिलस जिवाणूची) या तीन लशी शस्त्रक्रियेच्या किमान १४ दिवस आधी झाल्या पाहिजेत. हुकल्या तर नंतर १४ दिवस थांबून द्यायच्या, पण आधी दिलेल्या चांगल्या. यातली एका जातीची मेनिंगोकोकल लस न्यूमोकोकलनंतर चार आठवड्यांच्या अंतराने द्यावी लागते, म्हणून लशी विकत आणण्याआधी ब्रँडचं नाव डॉक्टरांना दाखवा. मेनिंगोकोकलचा दुसरा डोस आठ आठवड्यांनी, पुढे दर पाच वर्षांनी. फ्लूची लस दरवर्षी. ऑपरेशनची तारीख मिळाली आणि लशींची आठवण आदल्या दिवशी झाली, असं फार वेळा होतं. तुम्ही उलट करा : या आठवड्यात लशी, मग तारीख.

कुठे करायचं? मुंबईत राहण्याचा इथे खरा फायदा आहे. परळचं टाटा मेमोरियल १९४१पासून आहे, तिथे स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होतात आणि केसचा निर्णय अनेक शाखांचे डॉक्टर मिळून घेतात. शेजारच्या केईएममध्येही पोटाच्या शस्त्रक्रियांचा स्वतंत्र विभाग आहे. खासगी रुग्णालय निवडणार असाल तर इमारत बघू नका, तीन गोष्टी विचारा. या टीमकडे वर्षाला स्वादुपिंडाच्या किती शस्त्रक्रिया होतात? वीसच्या वर हवा हा आकडा. रात्री दोन वाजता पोटात रक्तस्राव झाला तर अँजिओग्राफी करून रक्तवाहिनी बंद करणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट येतो का? एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड त्याच छताखाली आहे का? या ऑपरेशनातल्या अडचणी सगळीकडेच येतात. त्या लवकर ओळखून रुग्णाला बाहेर काढणं मात्र सगळीकडे जमत नाही, आणि निकालातला फरक तिथेच पडतो.

जाताना सीटीच्या छापील फिल्म पुरत नाहीत, सीडी न्या. सर्जनना पातळ काप एकामागून एक सरकवत रक्तवाहिन्या बघायच्या असतात. तो सीटी स्वादुपिंडासाठीचा, म्हणजे इंजेक्शननंतर धमनीच्या आणि शिरेच्या अशा दोन्ही टप्प्यांत घेतलेला आहे का, हे विचारून घ्या. नसेल तर परत करावा लागेल, आणि तो करण्यात टाळाटाळ नको. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीआधी भेटा, कारण मंजुरी आधी लागते. खासगीत स्टेपलरच्या कार्ट्रिजचं बिल पॅकेजच्या बाहेर आहे का ते लेखी घ्या.

ऑपरेशननंतरचा सगळा जीव पोटातून बाहेर काढलेल्या एका नळीत, म्हणजे ड्रेनमध्ये, अडकतो, त्यामुळे ती नीट समजून घ्या. कापलेल्या टोकातून पाचक रस पाझरू शकतो. तरुण, निरोगी स्वादुपिंड मऊ असतं, त्यात टाका घालणं म्हणजे खरवसात टाका घालण्यासारखं. म्हणून सर्जन उत्तम असला तरी दर पाच-सहा रुग्णांमागे एकाला उपचार लागण्याइतकी गळती होते. तिसऱ्या दिवशी ड्रेनच्या पाण्यातलं ॲमायलेज तपासतात. रक्तातल्या ॲमायलेजची वरची मर्यादा १०० असेल आणि ड्रेनमधलं ३००पेक्षा जास्त आलं, तर रस पाझरतो आहे. ताप नाही, जेवण जातंय, पोट मऊ आहे, तर घाबरू नका. नळी तशीच ठेवून कधीकधी घरीही पाठवतात. घरी रोज ठरल्या वेळी पिशवी रिकामी करा, मिलिलिटर वहीत लिहा, रंग लिहा. पाणी गढूळ, राखाडी किंवा दुर्गंधीचं झालं, अंगात ताप भरला, किंवा नळी अचानक कोरडी पडून पोट दुखायला लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालयात.

आणि हे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा : ड्रेनमध्ये ताजं लाल रक्त दिसलं, अगदी दोन चमचे, आणि ते आपोआप थांबलं, तरी थांबायचं नाही. पाझरलेला रस धमनीची भिंत खातो. मोठ्या रक्तस्रावाआधी बऱ्याचदा असा छोटा इशारा मिळतो, आणि त्यानंतर काही तासच हातात असतात. जिथे ऑपरेशन झालं तिथेच न्या. जवळच्या नर्सिंग होममध्ये बाटली लावून वाट बघू नका.

प्लीहा काढल्यावर प्लेटलेट वाढतात, पाच-सात लाख होतात, हे अपेक्षित आहे. दहा लाखांच्या घरात गेल्या तर डॉक्टर बहुधा ॲस्पिरिन सुरू करतात. सहा आठवडे पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलायचं नाही, आणि तोवर लोकलच्या गर्दीत शिरायचं नाही. चालणं मात्र दुसऱ्या दिवसापासून. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शेपटीत दाट असतात, म्हणून ऑपरेशनआधी एक एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) आणि तीन महिन्यांनी दुसरी करून ठेवा. शौच तेलकट, तरंगणारं होऊ लागलं आणि वजन उतरलं तर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, जेवण झाल्यावर घेतल्या तर वाया जातात.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात आला की त्यात कडा गाठीच्या पेशींपासून मोकळ्या आहेत का, शिरेत किंवा चेतातंतूत शिरकाव आहे का, आणि बीटा-कॅटेनिन केंद्रकात आहे का, हे शोधा. न्यूरोएंडोक्राइन गाठी ओळखायला वापरतात तो सिनॅप्टोफायसिनचा रंगही ही गाठ थोडाफार घेते, त्यामुळे तिला चुकून न्यूरोएंडोक्राइन ठरवलं जातं आणि नको ती इंजेक्शनं सुरू होतात. असा रिपोर्ट आला तर गाठीचे तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत दाखवा. ते ब्लॉक तुमच्या हक्काचे आहेत. पुढे सहा महिन्यांनी स्कॅन, मग वर्षाला एक. पाच वर्षांनंतरही सोडायचं नाही, कारण ही गाठ परतली तर उशिरा परतते. इतक्या तरुण मुलीला दर वेळी सीटीचे किरण नकोत, एमआरआय मागा.

मुलंबाळं होतील. या शस्त्रक्रियेचा गर्भाशयाशी, बीजकोशाशी संबंध नाही. गाठ पोटात असताना गरोदर राहणं मात्र टाळायचं, त्या काळात ती वाढल्याची उदाहरणं आहेत. शस्त्रक्रियेनंतर किती थांबायचं हे पहिला स्कॅन झाल्यावर सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना विचारून ठरवा.

माघातली तारीख मोडायची गरज नाही. आत्ता लशी, महिन्याभरात ऑपरेशन, दोन महिन्यांनी मेनिंगोकोकलचा दुसरा डोस, तोवर जखम भरलेली असेल. मुलाकडच्यांना मात्र सांगा, आणि ऑपरेशनच्या आधी सांगा. मान-अपमानाचा विचार बाजूला ठेवा. जो तिच्यासोबत राहणार आहे त्याला हे ठाऊक असलंच पाहिजे की प्लीहा नसलेल्या माणसाला १००.४च्या वर ताप आला तर 'पॅरासिटामॉल घे, सकाळी बघू' असं म्हणायचं नसतं. पावसाळ्यात मुंबईत मलेरिया असतो, तो तिला इतरांपेक्षा जास्त त्रास देईल. कुत्रा चावला तर रेबीजच्या लशीखेरीज लगेच अँटिबायोटिकही लागेल. घरात अँटिबायोटिकची एक पट्टी कायम हवी, पर्समध्ये 'प्लीहा काढलेली आहे' असं कार्ड हवं, आणि ताप आला की पहिला डोस घेऊन सरळ कॅज्युअल्टी गाठायची. मुलाला पुढच्या भेटीला परळला सोबत न्या आणि हे त्याला सर्जनच्या तोंडून ऐकू द्या.